पाकळीची कंबर आणि पान अकरावरची बदनामी

वेळा अमावास्येचा दुसरा दिवस : एका धनगराची कुत्री सरकारी आवारात नेण्यात आली. जबाबदार, तहसिलीतले तेव्हाचे पेशकारसाहेब. संक्रांतीनंतरचा बाजार : तिच्या सुटकेचा अर्ज न वाचता दप्तरी दाखल झाला. जबाबदार, तेच. रथसप्तमी : तामलवाडीच्या माळावर जे घडले त्याचा ठपका भलत्याच माणसावर ठेवण्यात आला. जबाबदार, पुन्हा तेच. आणि गेला महिना : तोच ठपका कोणतीही शहानिशा न करता तालुक्याच्या स्मरणिकेत, पान अकरावर, 'दगाबाज धनगर आणि त्याची आळशी कुत्री' या मथळ्याखाली गमतीचा किस्सा म्हणून छापण्यात आला. जबाबदार, संपादक. पेशकारसाहेब आता उत्तर देण्याच्या पलीकडे गेले आहेत. संपादक हयात आहेत.

तो धनगर म्हणजे आमचे कंबरमामा. कोणताही प्राणी समोर आला की ते त्याचे तोंड शेवटी पाहत, आधी कंबर पाहत. यात माणूसही आला. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत मी तहसिलीबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून देत असे. बाजाराच्या दिवशी ते माझ्या सतरंजीवर येऊन टेकत. पहिल्याच भेटीत मला खालीवर न्याहाळून म्हणाले, "वकीलसाब, तुमच्या मागं कवा कुनी लागलेलं दिसत न्हाय." मी वकील नाही, हे मी त्यांना पुढे अनेकदा सांगितले. कमरेबाबत मात्र मला आजही हरकत घेता येत नाही.

त्यांचे सारे शास्त्र एका वाक्यात मावे : "सशाचं पाय लांडग्यानं घडविल्यात, अन् लांडग्याची कंबर सशानं." मी पुरावा मागितला. ते म्हणाले, "सरळ पळणारा ससा आज्ज्याच्या वक्ताला लांडग्यानं खाऊन संपविला. वळणं घेणारा तेवढा ऱ्हायला, त्याचीच ही पिल्लं. अन् ज्या लांडग्याला वळणं गावली न्हायती, त्यो उपाशी मेला. दोघं मिळून एकमेकाला तासत्यात बघा." सोनारीच्या देवळाची माकडे त्यांना साफ नापसंत होती. भाविकांचे नारळ खाऊन ती गुबगुबीत झाली, हा त्यांचा आक्षेप. "ह्यांचा लांडगा कुठं हाय?" असे ते पुजाऱ्याला विचारून आले होते. पुजाऱ्याने त्यांना प्रसाद नाकारला.

डोळ्यांचाही त्यांचा एक कायदा होता. ज्याला खायचे असते त्याचे डोळे समोर, ज्याला भ्यायचे असते त्याचे बाजूला. मेंढीचे बाजूला, लांडग्याचे समोर. "आता पेशकारसाबाकडं बघा, समोर हायेत का न्हाय?"

"मामा, डोळे तुमचेही समोरच आहेत," मी म्हणालो.

"हायेत की. पर तहसिलीत आलो की आमी ते बाजूला ठिवतो."

त्यांची कुत्री करवानी या शिकारी जातीची, नाव पाकळी. फासळ्या मोजाव्यात अशी छाती आणि मुठीत धरावी अशी कंबर. पळू लागली की चारी पाय पोटाखाली गोळा होत आणि पुन्हा फाकत. जमिनीला तिचे काही देणेघेणे नाही असे वाटे. वेळा अमावास्येला शेतात जेवणे झाली आणि दुसऱ्या दिवशी मामा तिला घेऊन बाजारात आले. पेशकारसाहेबांना त्या सुमारास एका जागीरदारांना सशाची शिकार दाखवायची होती. त्यांनी पाकळीला पाहिले आणि ते कळवळले.

"अरे बुड्ढे, इसकू खिलाते नै क्या? हड्डियाँ दिखरे!"

"हुजूर, ही उपाशी न्हाय. घडलेली हाय."

"चुप! शिकार होने तक कुत्ती इधरीच रहेगी."

तेव्हापासून पाकळीला सरकारी आवारात दोन वेळा तुपातली खिचडी आणि मधल्या वेळी मलई मिळू लागली. मामा आठवड्याला कुंपणाबाहेरून तिची कंबर पाहत आणि रडवेले होऊन माझ्याकडे येत. "अर्ज लिवा वकीलसाब. म्हनावं, माझं लेकरू परत द्या. न्हाय जमलं तर निदान खायाला घालू नका." उपासमार मागणारा अर्ज मी त्यापूर्वी लिहिला नव्हता. सबब मी प्राणिमात्रांच्या शरीररचनेवर तीन पानांची प्रस्तावना लिहिली. कुत्रीचा उल्लेख चौथ्या पानावर आला. हा दोष माझा, आणि तो मी येथे नोंदवतो. पेशकारसाहेबांनी पहिल्या पानावर जांभई दिली आणि कागद दप्तरी गेला.

रथसप्तमीला माळावर जागीरदार खुर्चीत बसले. गवतातून ससा उठला, पाकळीला सोडले. ती दहा पावले धावली, धापा टाकत बसली आणि मामांकडे पाहू लागली. सशाने पहिले वळण घेतले, दुसरे घेतले, मग मागे कोणीच नाही असे पाहून तो थांबला आणि मागच्या पायाने कान खाजवू लागला. मामांनी हात जोडले.

"हुजूर, बघा, ससा बी सुस्तावला. असंच चार पिढ्या चाललं तर ह्यो मेंढराएवढा हुईल, अन् म्या त्यो हाकत नेईन."

जागीरदार खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. पेशकारसाहेब हसले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी सरकारी दप्तरात नोंद केली : कुत्री जन्मतः आळशी, मालक दगाबाज.

पाकळी परत मिळाली. मामांनी तिला महिनाभर मेंढरांबरोबर माळ तुडवायला लावले आणि ज्या दिवशी ती पुन्हा मुठीत मावली त्या दिवशी मला दाखवायला आणले. "मला काय बी म्हना," ते म्हणाले, "पर हिला आळशी म्हनलेलं खोडायला लावा." मी नवे अर्ज केले, या वेळी प्रस्तावनेशिवाय. संस्थान गेले, नवा अंमल आला, तहसिलीतील खुर्च्या बदलल्या. पाकळी गेली; मामा तरीही दर बाजाराला येऊन विचारत, "खोडलं का?" शेवटच्या वेळी आले तेव्हा काठी टेकत आले, कंबर पार वाकली होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. "माझ्या मागं बी लागलंय आता कुनीतरी," ते म्हणाले आणि हसले. पुढच्या बाजाराला सतरंजीवरची ती जागा रिकामी राहिली.

म्हणून माझी मागणी अशी. संपादकांनी येत्या बाजाराच्या दिवशी, तहसिलीसमोर, चारचौघांत उभे राहून सांगावे : मलई सुरू होण्यापूर्वीची पाकळी पळताना पाहिलेल्या एका तरी साक्षीदाराला आपण विचारले होते काय? नसल्यास पान अकरा तेथेच, सर्वांसमक्ष, खोडावे. मी लिंबाखाली सकाळपासून बसलेला असेन. उत्तर सरळ असावे. वळणे घेण्याचा हक्क फक्त सशाला आहे.