बाहेरची

माघात धारच्या आसमंतात अफूची शेते फुलत, तेव्हा पहाटेचे चांदणे मावळायचे विसरून मातीवरच थबकले आहे असा भास होई. शुभ्र, तलम पाकळ्या! वारा गेला की अवघे शेत एकदम श्वास घेई, आणि एक कडवट, हिरवा गंध पापण्यांवर येऊन बसे. आज या वयातही डोळे मिटले की ते शेत दिसते, आणि त्याच्या बांधावर उभी असलेली तरुण मी दिसते.

तिथे मी पोहोचले कशी? माझे माहेर देवासचे, सासर धारचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या खासगीकडे कारभारी. घरात सोवळे कडकडीत. चूल, पाणी, पंगती यांतून मला विसावा मिळे तो महिन्यातले तीनच दिवस, मी 'बाहेरची' होई तेव्हा. मग परसातली पडवी, एक घोंगडी, वेगळे भांडे. कोणाला शिवायचे नाही, देवघराकडे पाहायचेसुद्धा नाही. माझ्या स्पर्शाने फुले करपतात, असे सासूबाई सांगत. आणि मी ते मानीत असे.

त्या दिवशी परसाचे दार उघडे होते. चालत चालत शेताशी आले आणि नकळत एका फुलाला हात लावला. दचकून मागे घेतला. आता हे करपणार! मी श्वास रोखून पाहत राहिले. एक मधमाशी आली, त्याच फुलात शिरली, पराग माखून उडून गेली. फूल वाऱ्यावर डोलतच होते. देव्हाऱ्यापुढे इतकी वर्षे डोळे मिटून बसले, पण देव असा हाताच्या अंतरावर कधी आला नव्हता. ज्याने ती पाकळी घडवली त्यानेच माझे शरीर घडवले ना? मग त्याला माझा विटाळ व्हावा कसा! मी बांधावर बसले आणि पोटभर रडले.

परतले तो दारात सासूबाई उभ्या.

"कुठे गेली होतीस?"

"देवाच्या दर्शनाला."

"या अवस्थेत? अग, कोणत्या देवळात शिरलीस?"

"शेतात गेले होते. फुलाला हात लावला, सासूबाई. करपले नाही."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी मामंजी पडवीपासून दूर उभे राहून म्हणाले, "पुन्हा उंबरा ओलांडलास तर देवासला पोहोचती करीन." त्यांच्यामागे माझे यजमान मान खाली घालून उभे होते. परसाच्या दाराला कुलूप लागले. देवासला मला पाठच्या दोन बहिणी होत्या. टाकलेली मुलगी घरी आली तर त्यांना कोण करून घेणार? मी त्यांचे ऐकले. पण तो महिनाभर मला देवघरातली प्रत्येक आरती परक्या घरातून ऐकू आल्यासारखी वाटली.

पुढच्या महिन्यात पुन्हा पडवीत बसले. सकाळी उठून कुलूप पाहिले, आणि सरळ घरात शिरले. माजघरातून, ओटीवरून, पुढच्या दाराकडे चालू लागले.

"थांब!" मामंजी ओरडले. ते नुकतेच पूजेसाठी सोवळे नेसले होते. मी थांबले नाही. सासूबाई पाण्याची कळशी पदराखाली घेऊन भिंतीला चिकटल्या. यजमान चार पावले मागे सरले. तेव्हा मला लख्ख कळले: मला अडवायचे तर मला शिवावे लागेल! ज्या विटाळाने मला कोंडले होते, तोच माझ्यापुढे वाट मोकळी करीत होता.

"भिया, रोको बहूजी को!" मामंजींनी दारावरच्या पहारेकऱ्याला हाक दिली.

"कैसे रोकूं, साब? छू जाऊंगा!" असे म्हणत तोही बाजूला झाला.

शेतात पाकळ्या गळून गेल्या होत्या, हिरवी बोंडे ताठ उभी होती. दिवसभर मी त्यांच्यात बसले. संध्याकाळी पुढच्या दारानेच घरी आले. मामंजींनी मला देवासला धाडले नाही. विटाळशी सून भरल्या घरातून चालत गेली आणि कोणालाच अडवता आली नाही, हे मामंजी चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगणार होते?

त्या घरात मी पुढे आयुष्य काढले, मुले वाढवली, देवांची पूजाही मनापासून केली. आणि महिन्याच्या महिन्याला देवाकडे गेले. भर दिवसा, पुढच्या दाराने.