पप्पांची कानस आणि नवीन बिट

पप्पांच्या उजव्या हाताला लकवा मारला, तवापासून छावणीतलं आमचं रेडिओ-मिक्सर रिपेरिंगचं दुकान मीच उघडायचे. डॉक्टर म्हणले हात येईल पण, नाय पण येणार. म्हणून पप्पा रोज सकाळी खुर्ची ओढून बसायचे आणि भंगारातल्या सर्किटच्या प्लेटवर सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक टाका मारून बघायचे. टाका धरला म्हणजे हात येतोय, असं त्यांनी मनात धरलेलं.

धरायचाच नाय. कथील गोळी होऊन घरंगळायचं टेबलावर.

"हात मेला माझा," म्हणायचे, हळूच.

टाका का धरत नाय ते मला कसं कळलं, सांगते. एका सकाळी मी चहा घेऊन आले तर पप्पा डाव्या हातानं कानस धरून बिट घासत होते. बिट म्हणजे सोल्डरिंगचं तापणारं टोक. त्यांच्या काळी बिट तांब्याची यायची, काळी पडली की सगळे कानसच मारायचे, आतून कोरं तांबं निघायचं. पण ते दवाखान्यातून आल्यावर मी त्यांच्या सोल्डरिंगला नवीन बिट बसवली होती, तिला वरून लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो घासला की संपलं, कथील चिकटतच नाय. ती ओल्या स्पंजावर पुसायची नुसती, आणि लगेच कथील चढवायचं.

म्हणजे हात नाय, बिट मेली होती. मला इतकी खुशी झाली ना, अर्धा चहा सांडला.

"पप्पा, हात चांगलाय तुमचा. बिट गेलीय. कानस नका मारू."

"तू मला शिकवती व्हय? तुझ्या जन्माआधीपासून घासतोय."

"तवा तांबं होतं ना ओ."

लगेच मी दुसरी बिट टाकली, तापवली, कथील चढवलं. आरशासारखी. रेडिओ घ्यायला आलेले शेजारचे चाचा वाकून बघत होते.

"हौ उस्ताद, आज तो क्या चमक री."

पप्पा लई दिवसांनी हसले. टोक टेकवलं, कथील पाण्यासारखं पसरलं, एकदम बरोबर. आणि हात थरथरला. टोक घसरत गेलं, पार्टचे शेजारशेजारचे तारेचे पाय एकमेकांना चिकटले, प्लेटवरची तांब्याची पट्टीच उखडून वर आली. परत मारला. तसंच.

चाचा रेडिओ न घेताच गेले.

"बिट चांगलीय," पप्पा म्हणाले.

मीच तर म्हणले होते, हात चांगलाय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाका मारून बघितला नाय. नंतरही नाय. आता संध्याकाळी दुकान बंद करताना डाव्या हातानं माझी बिट स्पंजावर पुसतात, गंजू नये म्हणून कथलाचा जाड थर देतात आणि मगच बटण बंद करतात. काम मात्र बघत नायत माझं, रस्त्याकडं तोंड करून बसतात. कानस मी उचलून ठेवायला गेले तर म्हणले, "राहू दे तिथंच."

अजून तिथंच हाय.