तितराची पिसं

सरकीचा वास आला की आजही मला जऊळक्याच्या आमच्या घरातला तो पौष आठवतो. इंग्रजांचं राज्य होतं आणि मी लहान होते. त्या वर्षी एवढी थंडी पडली की गोठ्यातली वासरंही दगावली. आमचा मोत्या कुत्रा ऐन तारुण्यात होता. घरात कोंडला की दारं ओरबाडायचा.

काका म्हणाले, "त्याले बाहेर सोडू नको, बाई. घरातच खेळव." त्यांनी चिंधीत बांधलेली तितराची पिसं माझ्या हातात दिली. मी ती सरकीच्या पोत्यांमागे लपवायची. मोत्या हुंगत हुंगत शोधायचा आणि चिंधी अलगद माझ्या मांडीवर आणून ठेवायचा. मी त्याला गुळाचा खडा भरवायची. एरवी कुणाशी न बोलणारे काका उंबऱ्यावर बसून आमचा खेळ बघायचे, याचंच मला केवढं अप्रूप होतं.

थंडी ओसरली तेव्हा वाशीमहून एक साहेब घोड्यावरून आले. त्यांना शिकारीचा नाद होता. काकांनी अंगणात चिंधी लपवली, मोत्यानं ती लगेच आणून दिली. साहेबांनी त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला.

"काका, मले काहून नाही सांगितलं?" मी रडत विचारलं.

"सांगितलं असतं, तर तू शिकवलं असतं काय त्याले?" काका शांतपणे म्हणाले.

मोत्या वळून वळून बघत गेला. पुढे साहेबांच्या मर्जीनं काकांना पोलीस पाटीलकी मिळाली. गावात पेढे वाटायला त्यांनी मलाच पाठवलं.