मंगळ पहिला, केतू शेवटचा
“केतू शेवटचा! त्याचे कुळीथ घोड्याला घाला!” अक्का अशी ओरडली, की गावातल्या महामहम तळ्यापलीकडे तंबूत निजलेला कलेक्टरसाहेब खाटेवरून पडला म्हणे. तिच्या लग्नासाठी अप्पा दर मंगळवारी नवग्रहांची पूजा करीत, आणि नैवेद्याची नऊ धान्यं, दर ग्रहाचं एक, उकडून खोबऱ्याची फोडणी दिलेली, आम्हा दोघांच्या पानांवर येत. चवीवरून अक्का ग्रहांचे नंबर लावी. तिळाचा शनी दुसरा, हरभऱ्याचा गुरू तिसरा. मंगळाची तूर दगडासारखी, तरी मी भांडून त्यालाच पहिला ठेवी. तिच्या पत्रिकेत बसून तो येईल त्या स्थळाला दारातूनच हाकलीत होता. “लबाडा, मला इथंच म्हातारी करतोस काय रे?” म्हणत ती माझ्या पानावरचे तीळ पळवी. शेवटी मंगळ असलेलंच एक स्थळ मिळालं, मंगळाने मंगळ कापला, आणि अक्का आगगाडीत बसून मदुरेला गेली. अजूनही केळीच्या पानावर गरम तिळाचा वास आला, की मी सरकून शेजारी जागा करतो. ती गेली त्याच्या पुढच्या मंगळवारी मी सवयीने दोन पानं मांडून बसलो आणि विचारलं, “अप्पा, आज पूजा केव्हा?” अप्पा म्हणाले, “आता कशाला? काम झालं की.”