कावळ्याला दिलेला शब्द

माणसाने कोणाला शब्द द्यावा याला काही मर्यादा असावी. मी एका कावळ्याला दिला. खरं तर मी दिला नाही, माझ्या मेहुण्याने माझ्या वतीने दिला. पण शब्द कोणाच्या तोंडून आला, याची चौकशी कावळा करत बसत नाही.

मला पक्ष्यांची भीती वाटते. चिमणीपासून मोरापर्यंत सगळ्यांचीच, आणि कावळ्याची सर्वांत जास्त. वाघाला भिणाऱ्या माणसाला कोणी हसत नाही, आणि वाघ त्याला आयुष्यात एकदाही भेटत नाही. मी ज्याला भितो तो रोज सकाळी माझ्या खिडकीच्या गजावर बसून माझ्या नावाने ओरडतो आणि त्यावर शेजारी म्हणतात, पाहुणे येणार वाटतं तुमच्याकडे. म्हणून मी बारा महिने काळी छत्री बाळगतो. जळगावच्या उन्हात हा शहाणपणा समजला जातो. आमच्या गावच्या उन्हाचे माझ्यावर झालेले हे एकमेव उपकार.

माझं सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. पक्ष्यांवरची तिथली सगळी पुस्तकं मी वाचली आहेत, शत्रूची माहिती असावी म्हणून. पुस्तकातला पक्षी फार सभ्य असतो. पान उलटलं की जातो.

या भीतीला कारण आहे. लहानपणी पहूरला अंगणात बसलो असताना एका कावळ्याने माझ्या डोक्यावर झडप घातली. आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं असं मानतात. त्यावर उपायही आहे. ज्याला कावळा शिवला तो मेला, अशी खोटी बातमी नातेवाइकांना कळवायची. ते खरंखुरं रडले की खरं मरण टळतं. आईने लगेच असोद्याला मामाकडे माणूस धाडला. मामा-मामी रडत, ओरडत, एसटी बदलत आले, तेव्हा मी ओट्यावर बसून शेव खात होतो. मामीने मला आधी पोटाशी धरलं आणि मग एक थोबाडीत ठेवून दिली.

"मेल्या, जिवंत आहे आन् शेव खाऊन राह्यला!"

थोडक्यात, मी एकदा मेलेलो आहे, आणि त्याबद्दल मारही खाल्ला आहे. बायकोला ही गोष्ट फार आवडायची. म्हातारपणाचा, आजारपणाचा विषय निघाला की ती म्हणायची, "अहो, तुमचा नंबर होऊन गेलाय. आता माझाच." गेल्या श्रावणात तिने तो लावला. एखादा विनोद इतका शेवटपर्यंत नेण्याची काही गरज नव्हती.

ती शाळेत भूगोल शिकवायची. माहेर दोंडाईचाचं, नोकरी जळगावात. मुलांना ती नकाशातलं सगळं जग दाखवून आली. स्वतः मात्र उन्हाळ्यात माहेरी आणि दिवाळीत सासरी. तिचा आवडता धडा केरळचा. तिथे एका भागात शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. मध्ये बांध, बांधाच्या एका बाजूला पाणी भरलेला कालवा आणि दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली, भाताचं वावर. कालव्यातून नाव जाते आणि नावेतला माणूस खाली वाकून शेत बघतो. हे ती फळ्यावर निळ्या खडूने काढायची. पाणी वर, शेत बोटभर खाली. विहिरीचं पाणी वर ओढता ओढता ज्यांचे आजोबा म्हातारे झाले, त्या आमच्या मुलांना हे पटायचं नाही. दर वर्षी एखादा उभा राहायचाच, "बाई, तुम्ही पाहिलंय?"

"नाही," ती म्हणायची. "पुस्तकात आहे. पाहिलं की सांगेन."

तर दहाव्याच्या दिवशी गिरणेच्या काठावर आम्ही उभे होतो. विधी मलाच करायचा होता. पिंड मी मांडले, डाव्या हातात उघडी छत्री धरून, आणि दूर बाभळीच्या सावलीत येऊन थांबलो. नातेवाइकांना वाटलं, दुःखाने ह्यांना ऊन सोसवत नाही. आता कावळ्याने येऊन पिंडाला शिवायचं होतं. एरवी माझ्या डब्यावर, डोक्यावर, खिडकीवर हक्क सांगणारी ही जमात त्या दिवशी झाडावर मुनीसारखी बसून राहिली. अर्धं गाव भुकेलं झालं, कावळे झाले नाहीत. गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. कावळा नाहीच आला तर गवताचा कावळा करून पिंडाला लावतात. मला ती कल्पना फारच सुसंस्कृत वाटली. सगळेच कावळे गवताचे असते तर मी एक वेगळा, धाडसी माणूस झालो असतो.

पण माझ्या मेहुण्याला गवत मान्य नव्हतं. तो बायकोचा धाकटा भाऊ, दोंडाईचाला मिरचीचा व्यापार करतो. गाव त्याला नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. नाना म्हणाला, ताईचं काहीतरी राहून गेलंय. मग चप्पल काढून पुढे झाला, हात जोडले आणि मिरचीची बोली लावावी अशा आवाजात सांगितलं,

"ताई, काळजी करू नको. तुन्ही जी इच्छा व्हती, ती दाजी पुरी करतीन. केरळले जातीन. ते पाणीना खालनं वावर देखतीन. सोताना डोयाघाई देखतीन!"

म्हणजे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. एक कावळा उतरला. थेट पिंडावर. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मागून कोणी आबा म्हणाले, "बठ्ठं जमनं." म्हणजे सगळं जमलं.

मी शिकलेला माणूस आहे. कावळा तेव्हा उतरला कारण तेव्हा त्याला भूक लागली, हे मला समजतं. पण चारचौघांत दिलेला शब्द शिक्षणाने पुसला जात नाही. शिवाय तिची ती इच्छा खरी होती. हे कावळ्याला माहीत असेल-नसेल, मला माहीत होतं.

थंडीत निघालो. नाना बरोबर होताच. केरळ कसं आहे ते मी निघण्याआधी वाचून काढलं. पाणी, नारळ आणि पक्षी. लोक पैसे भरून, दुर्बिणी घेऊन तिथे पक्षी बघायला जातात म्हणे. खंड्या, बगळे, पाणकावळे. पाण्यासाठी वेगळा कावळा नेमलेला आहे, हे वाचून मी पुस्तक मिटलं.

असोद्याच्या मामेभावाने वाटेत खायला केळीच्या दोन फण्या दिल्या आणि वर वेफर्सची थैली. केरळला केळी घेऊन जाणारे प्रवासी आमच्याआधी कोणी झाले असतील असं वाटत नाही. एर्नाकुलमच्या स्टेशनाबाहेर प्रत्येक टपरीवर पिवळ्या, लाल, हिरव्या केळींचे घड लटकत होते. नानाने व्यापाऱ्याच्या नजरेने सगळे पाहून घेतले आणि आमच्या काळ्या पडलेल्या फणीतलं एक सोलत म्हणाला, "आपलीच गोड शे."

हाउसबोट म्हणजे पाण्यावर ठेवलेलं एक चटयांचं घर. पुढे उघडी ओसरी, तिथे टेबलखुर्च्या. मागे काचेच्या खिडकीची खोली, खिडकीला जाड पडदा. बोट चालवणारे दोघे होते, त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्यांना. ओसरीच्या कठड्यावर दोन कावळे आधीच येऊन बसले होते, आमचं तिकीट तपासायला. मी छत्री उघडून त्यांच्यापासून शक्य तितक्या दुरून चालत खोलीत गेलो, कडी लावली आणि पडदा ओढला. पाण्यात बसून भिंतीकडे बघण्यासाठी दोन रात्रींचा प्रवास करून आलेला माणूस त्या कालव्यातही पहिलाच असावा.

माझी योजना साधी होती. वावर आलं की नाना बघेल, फोनवर व्हिडिओ काढेल आणि आत आणून दाखवेल. मी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. शब्द अक्षरशः पाळला जाईल. कायदा माणसाने कावळ्यांसाठी केलेला नसला तरी कावळ्यांविरुद्ध तो वापरायला हरकत नसावी.

"दाजी, मी शे ना," नाना म्हणाला आणि बाहेर गेला.

बोट चालू झाली. बाहेरून तऱ्हेतऱ्हेचे आवाज येत होते, त्यातले बहुतेक पंखवाल्यांचे. बऱ्याच वेळाने दार वाजलं. नाना आत आला. त्याचा चेहरा घामाने ओला होता. त्याने फोन पुढे केला. मी चष्मा लावून बघू लागलो.

"नाना, हा अंगठा आहे."

"पुढे देखा ना."

"पुढे पण अंगठाच आहे. हे छप्पर. हा तुझा बूट. हा कावळा."

"कावळा झकास येल शे."

"वावर कुठाय?"

नाना पलंगावर बसला. पलंगही त्याने दोन्ही हातांनी धरला. "दाजी, तुमले खोटं नही सांगत. मना डोया बंदच व्हतात."

"कशाला?"

"चारीमेर पाणी शे! इतलं पाणी दोंडाईचाले कोनी देखेल शे? मले पोहता बी येत नही."

बाजारात भल्याभल्यांना पाणी पाजणारा हा माणूस ओसरीवर खांबाला मिठी मारून, डोळे मिटून, फोन धरलेला हात बाहेर काढून उभा होता. आणि आत मी. दोन पुरुष, एक बोट, आणि त्या बोटीतून बाहेर बघायला कोणी नाही. बायको असती तर पोट धरून हसली असती. मग दोघांनाही बाजूला सारून पुढे जाऊन बसली असती.

नाना हळूच म्हणाला, "आपण घर जाईसन सांगी देऊ, देखं म्हणून. कोनाले समजी?"

खरंच, कोणाला समजणार होतं? खोटी बातमी कळवण्याचा आमच्या घराण्याला अनुभव आहे. लोक रडतात, काम होऊन जातं, एखादी थोबाडीत पडते. दोंडाईचा, जळगाव, असोदा, सगळीकडे सांगितलं असतं, पाहिलं, पाणी वर आहे, शेत खाली आहे. पुस्तकात तेच आहे. चूक कोणी काढली नसती.

अडचण एवढीच होती की हे तिलाही करता आलं असतं. त्या मुलांना नुसतं 'हो, पाहिलंय' म्हणाली असती तर वर्गात कोणाला समजणार होतं? पोरगं खाली बसलं असतं, धडा पुढे गेला असता. पण ती दर वर्षी, दर वर्गाला, हातात निळा खडू धरून 'नाही' म्हणत आली. पाहिलं की सांगेन.

मी कडी काढली. दारातच छत्री उघडली. ती दारात अडकली, कारण शौर्याची मला सवय नाही.

ओसरीवर टेबलावर जेवण मांडलं होतं, भात, सांबार, पापड. कठड्यावर तोच कावळा, किंवा त्याच्यासारखा दुसरा. त्यांच्यात फरक करण्याइतका मी कधी जवळ गेलेलो नाही. माझे पाय ज्या पद्धतीने चालले त्याला चालणं म्हणता येणार नाही. नाना मागून आला आणि त्याने एका हाताने खांब आणि दुसऱ्या हाताने माझा सदरा धरला. डोळे मिटलेले.

"देखा, दाजी. तुम्हीच देखा."

कालव्याला लागून मातीचा बांध होता, बांधावर नारळाची रांग. मी कठड्याशी गेलो. कावळ्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्यापलीकडे पाहिलं.

पाणी बांधाच्या काठापर्यंत आलेलं. आणि बांधाच्या पलीकडे जमीन एकदम खाली गेलेली. आधी ती दिसलीच नाही, इतकी खाली. मग हिरवं दिसलं, मैलभर, सपाट. त्यात एक बाई वाकून काहीतरी उपटत होती. ती सरळ उभी राहिली, कमरेला हात लावले, तरी तिचं डोकं आमच्या पाण्याच्या खालीच होतं.

"नाना, आहे," मी म्हणालो.

"खरंच खाले शे?"

"खाली आहे. वावरात एक बाई आहे, आपली बोट तिच्या डोक्यावरून चालली आहे."

"मंग बरं." डोळे त्याने तेव्हाही उघडले नाहीत, पण सदरा जरा सैल सोडला.

तेवढ्यात पुढच्या वळणावरून बदकं आली. पाळलेली, हजारांच्या घरात, होडीतला माणूस काठीने हाकत होता, तशी सगळ्या कालव्याची रुंदी भरून कलकलाट करत ती आमच्याच बाजूला येऊ लागली. तिच्या धड्यात बदकं नव्हती. असती तर तिने मला सांगितलं असतं, निदान मी येऊ नये म्हणून. पण मी कठडा सोडला नाही. मला अजून नीट बघायचं होतं. ती फळ्यावर शेत बोटभर खाली काढायची. ते बोटभर नाही, माणूसभर खाली आहे. तिने पुस्तकावर विश्वास ठेवून कमी काढलं होतं. हे तिला सांगायला हवं होतं. लगेच, घरी गेल्या गेल्या, चहाच्या आधी.

आमच्याकडे खोटी बातमी पोचवायची व्यवस्था आहे. खरी कोणाकडे द्यायची हे मला माहीत नव्हतं. जवळ तो एकटाच होता आणि मूळ बोलणं त्याच्याशीच झालं होतं. टेबलावरचा पापड मी कठड्यावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका कावळ्याशी बोललो.

"बाईंना सांग, माणूसभर खाली आहे. पाहिलं."

त्याने पापड उचलला आणि बदकांवरून, बांधावरून, त्या खालच्या वावरावर उडत गेला. निरोप नेला की नुसता पापड, ते समजायला मार्ग नाही.

बदकं बोटीला येऊन भिडली, दोन्ही बाजूंनी निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो. छत्री मात्र मी मिटली नाही. तेवढं काही ठरलं नव्हतं.