दर पाच मिनिटांनी एक चॅप्टर

माझ्या दिराचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं फिरतं.

डहाणू रोडला स्टेशनजवळ आमचा लग्नाच्या व्हिडिओचा धंदा. नवरा शूटिंग करायचा, मी एडिटिंग, आणि दीर शेवटी डीव्हीडी बनवायचा. काम सगळ्यात कमी आणि तोंड सगळ्यात मोठं, असा तो माणूस.

दोन हजार पंधरा साली तलासरीकडच्या एका पाड्यावरचं लग्न आम्ही केलं. तिथे लग्न लावते ती धवलेरी. बाईच असते ती, आणि गाणी म्हणून लग्न लावते. ही आजी प्रत्येक गाण्याची पहिली ओळ एकटी म्हणायची, मग बाकीच्या बायका मागून उचलायच्या. तिच्या घशात गाठ झाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहील असं डॉक्टर सांगत नव्हते. पुढची लग्नं सून लावणार, आणि तिला शिकायला ही डिस्क हवी होती. रिमोटचं बटण दाबलं की पुढचं गाणं सुरुवातीपासून लागलं पाहिजे, एवढंच आजीचं मागणं.

सून वाडीत चिकू तोडायला गेलेली, म्हणून आजी एकटीच जीपने आमच्या दुकानात आली. दिवसभर माझ्या शेजारी बसली. "इथून लाव, बाय," म्हणाली की मी कॉम्प्युटरवर तिथे खूण टाकायची, म्हणजे डिस्कवर तिथून नवा चॅप्टर सुरू होणार. नवरदेव मांडवात शिरतो त्या गाण्याला बँडने नुसता उच्छाद मांडला होता. पहिली ओळ अजिबात ऐकू येईना. आजी म्हणाली, "ही ओळ कोणालाच नाय माहीत. दर लगनात बँड गिळतो." मग तिने ती थांबत थांबत सांगितली. त्यांच्या बोलीतलं मला निम्मं कळेना, आणि आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून एकेक अक्षर विचारून मी ती त्या खुणेच्या नोटमध्ये टाइप केली. डिस्कसोबत सुनेला प्रिंट काढून द्यायची होती.

नंतर मी माहेरी वाणगावला गेले. आई आजारी होती. जाताना दिराला बजावलं, "भाऊजी, एक्सपोर्ट करताना चॅप्टरच्या चौकटीत टिक करा, नाहीतर खुणा डिस्कच्या सॉफ्टवेअरमध्ये येणार नाहीत. आणि प्रोजेक्टला हात लावू नका, खुणा आणि नोट सगळं त्यातच आहे."

"टेन्शन नका घेऊ, वहिनी."

परत आले तर सून दुकानाच्या पायरीवर बसलेली, हातात डिस्क. "बटण दाबलं की गाणं मधनंच लागतं," म्हणाली. आजीचं ऑपरेशन झालं होतं. आवाज गेला होता.

दिराला विचारलं तर वर तोंड करून सांगतो, "खुणा आल्या नाहीत, म्हणून दर पाच मिनिटांनी एक चॅप्टर टाकला. लग्नाच्या डीव्हीडीत चॅप्टर बघतं कोण? लोक नाच बघतात, जेवण बघतात."

"आणि प्रोजेक्ट?"

"डिलीट केला. जागा नव्हती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, तुझ्या मोबाइलमधल्या पिक्चरांना जागा आहे, आणि एका बाईच्या गाण्यांना नाही? असं ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. नवरा म्हणाला, "जाऊ दे, लहान आहे." तिशीचा घोडा, लहान म्हणे!

त्या ओळीसाठी मी डोकं फोडून घेतलं. धड कळलीच नव्हती, तर आठवणार काय कपाळ!

मग तयार डिस्कवरूनच पुन्हा खुणा टाकायचं ठरलं. गळ्याला पट्टी बांधलेली आजी सुनेला घेऊन परत आली. शिवी नाही, तक्रार नाही. करणार तरी कशी? गाणं सुरू झालं की ती हात वर करायची आणि मी खूण टाकायची. दीर मागे उभा राहून बिस्किटं खात होता.

बँडवाल्या गाण्याशी आजीचा हात वर गेला. मी खूण टाकली, नोटची चौकट उघडली आणि तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. सुनेने तोंडाशी कान नेला. नुसती हवा येत होती. आजीने पुन्हा म्हटलं, परत एकदा म्हटलं, आणि मग मुठीने स्वतःची मांडी बडवली. सून रडायला लागली. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

दीर मागून म्हणाला, "रिकामी सोडा ना, वहिनी. नोट डिस्कवर तशीही दिसत नाही."