हप्ता वेळेवर भरणारे चाचा

इन्शुरन्स कंपनीने लेट फी चुकीची लावली होती. ग्राहकांनी मिळून केस केली, तडजोड झाली आणि आम्ही उशीर करणारे सगळे अबुधाबीच्या ऑफिसात रिफंडसाठी ऐटीत रांगेत उभे राहिलो. माझ्यापुढे रत्नागिरीकडचे एक चाचा सारखे मनगटावरचं घड्याळ बघत होते.

"तुमची लेट फी किती, चाचा?"

"एकदाही नाय. हप्ता नेहमी तारखेच्या आधी."

"मग रांगेत कशाला?"

"उशीर करणाऱ्यांना पैसे, आणि आमाला साधी शाबासकी पण नाय?"

"सॉरी अंकल, नो लेट फी, नो रिफंड," म्हणत काउंटरवरच्या मुलीने त्यांना परत पाठवलं.

मी माझा रिफंड घेऊन चाचांबरोबर बाहेर आलो, तर आम्हा दोघांची अजमानला परत जाणारी बस सुटत होती. मी धावलो. चाचा बाकावर बसले, घड्याळ काढून खिशात टाकलं.

"यल्ला, चल, तू जा. मी आता उशीर करून बघतो."